सात कोण

शनिवारी पहाटेची बस, खानापूरहून.
देसूर, मच्छे, पिरनवाडी,
मग उद्यमबागेतल्या भट्ट्यांचा जळका वास
आणि बेळगाव.
एकोणीस वर्षं नर्सची नोकरी झालेली बाई
पाठीला दप्तर लावून उतरते.
कंडक्टर विचारतो, ‘परीक्षा काय, मुलाची?’
माझीच, म्हणते मी.
तो चिल्लर मोजत राहतो.

वर्गात बावीस जण. दोघं केनियाचे, एक नेपाळची,
बाकी आम्ही, रात्रपाळीचे डोळे घेऊन आलेले.
अंगडी मॅडम पडद्यावर जगाचा नकाशा लावतात:
बाळंतपणातले मृत्यू, गडद तांबड्यापासून फिकटापर्यंत.
आपला जिल्हा बऱ्यापैकी फिकट आहे.
मी जांबोटीच्या पलीकडचा घाट शोधते.
तिथले गवळीवाडे सरासरीत विरघळलेत,
दह्यात लोणी असतं
पण दिसत नाही, तसे.

मग ‘स्वायत्तता’.
मॅडम इंग्रजीत सांगतात, कन्नडमध्ये सांगतात,
मागच्या बाकावरचा लॅबवाला बस्तवाडकर कुजबुजतो,
‘म्हणजे ज्याचं अंग, त्याचा होकार.’
मी वहीत लिहून घेते
आणि पेन अडतं.

ठकूबाई लांबोर.
रात्रीचे अडीच, तिसरं बाळंतपण, रक्त थांबेना.
फॉर्म कन्नडमध्ये, खाली बारीक इंग्रजी.
मला दोन्ही वाचता येतं. तिला कुठलंच नाही.
तीन मिनिटं लागली असती.
‘अंगठा कर बाई, लवकर,’ म्हटलं मी.
अंगठा गार होता. मीच धरून टेकवला.
ती वाचली. डॉक्टरांचा हात चांगला.
रजिस्टरात तिच्यापुढं माझ्याच अक्षरात: यशस्वी.

दीड वर्षानं घाट उतरून आली,
स्टीलच्या डब्यात तूप घेऊन.
‘सिस्टर, पाळी का येईना गं?
देवऋष्याला दोन कोंबडी दिली.
तुझ्याकडं औशीद असलं तर दे.’
पिशवी काढलीय,
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
नवऱ्याला ठाऊक होतं म्हणे.
तूप मी घेतलं.
का घेतलं, अजून कळत नाही.

प्रबंधाला हाच विषय दिला.
साहेब म्हणाले, ‘फॉर्म मराठीत मागू नका हं, सिस्टर.
इथं पाटीच्या भाषेवरून बसच्या काचा फुटतात.’
खरं आहे.
कपाळातून त्या काचा मीच काढल्यात,
दोन्हीकडच्यांच्या.
म्हणून भाषा मागितली नाही, एक रकाना मागितला:
‘कुणी वाचून सांगितलं? किती वेळ?’
रकाना वाढवायचा तर बेंगळूरची मंजुरी लागते.
मी पेन्सिलीनं आखला, उजव्या समासात.
चार महिने झाले, कुणी खोडला नाही.
रात्रपाळीची नवी मुलगी त्यात लिहिते,
‘सहा मिनिटं. तिनं दोनदा विचारलं.’
नेतृत्वाच्या पेपरात हे कुठं लिहायचं,
मॅडमना विचारायचं राहिलंय.

परवा ठकूबाईकडं गेले, संमतीपत्र घेऊन.
या वेळी मराठीत. या वेळी मोठ्यानं वाचून.
ती म्हशीखाली बसलेली, पाठ माझ्याकडं.
‘तुमचं नाव कुठंच येणार नाही,’ मी वाचलं,
‘तुम्हाला प्रतिसादक क्रमांक सात म्हणायचं.’
धार थांबली.
‘सात कोण?’
‘तुम्हीच.’
‘मग ठकू कुठं गेली?’
मी नियम सांगितला. गुप्तता, समिती,
सगळं तुमच्याच भल्यासाठी.
‘तवाबी भल्यासाठीच केलंतीस की.’

शाईचं पॅड मी अजून उघडलं नव्हतं.
खाली रस्त्यावर शेवटच्या बसचा हॉर्न झाला.
‘परत वाच,’ ती म्हणाली,
‘सावकाश. धार काढून होऊ दे.’